दहापैकी दोन

श्रुतिकाच्या नाकावर राग असतो, असं मुलुंडच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात सगळेच म्हणायचे, आणि तिनं ते कधी नाकारलंही नाही. पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात तिची बरीच वर्षं गेली होती. नातेवाईक खाटेवर पाय घेऊन बसला की तिचा आवाज चढे. वॉर्डबॉयनं बेडपॅन न झाकता नेलं की चढे. आणि एखादा डॉक्टर पेशंटच्या अंगाला हात न लावता, खाटेच्या पायथ्याशी उभा राहूनच 'ओके, गुड' म्हणून पुढे सरकला, की मग विचारूच नका. "तोंड सांभाळ गं बाई," असं मेट्रन मृणालिनी मॅडम तिला अधूनमधून सुनवायच्या. ती सांभाळायचीही. फार तर दुपारच्या चहापर्यंत.

आठवड्याची एका दिवसाची सुट्टी संपवून ती कामावर आली त्या सकाळी वॉर्ड कसा शहाण्यासारखा शांत होता. खिडकीजवळच्या खाटेवर बाळा घाडी झोपलेले. हे मूळचे कणकवलीकडचे, राहायला भांडुपला. तरुणपणी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर एका शाळेत शिपाई म्हणून चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. मोठ्या आतड्यात गाठ निघाली म्हणून तेवढा भाग काढून दोन्ही टोकं पुन्हा जोडली होती. श्रुतिका वॉर्डात शिरली की हे काका पडल्या पडल्या ओरडायचे, "इली रे हेडबाई! हाताची घडी, तोंडार बोट!" आणि आजूबाजूचे पेशंट टाके सांभाळत हसायचे. तिला हा चेष्टेखोर म्हातारा आवडायचा. तिच्या रागाला न घाबरणारी माणसं वॉर्डात फार नव्हतीच.

त्या दिवशी ती आत आली आणि काका काहीच बोलले नाहीत.

रात्रपाळीची सिस्टर खाटेखाटेपाशी थांबून पेशंट सोपवत होती. घाडींच्या खाटेपाशी येऊन ती खुशीत म्हणाली, "काका एकदम झकास. पहिल्या दिवशी पेन स्कोअर चार, मधे एकदा आठवर गेला होता, इंजेक्शन दिलं. मग उतरतोच आहे. काल पाच, आज दोन. केयूर सर राऊंडला येऊन गेले, आज सोडतायत."

पेन स्कोअर म्हणजे दुखण्याचा आकडा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सोसवत नाही इतकं. प्रत्येक पाळीत सिस्टरनं पेशंटला विचारायचं, दहापैकी किती, आणि तो सांगेल तो आकडा लिहून मोकळं व्हायचं. किती सोयीचं! दुसऱ्याचं दुखणं आपल्याला कळत नाही, आकडा मात्र कळतो. श्रुतिकानंही तो हजारदा विचारला होता.

"दोन ना? मग छानच," ती म्हणाली, आणि पुढच्या खाटेकडे वळता वळता थांबली.

काकांनी गुडघे पोटाशी घेतले होते. आडवा पडलेला माणूस हात पोटावर नुसता टाकतो. यांनी पोट धरलं होतं. श्वास वरच्यावर, छातीतल्या छातीत चाललेला. ओठ सुकलेले. सकाळच्या वेळी खिडकीबाहेर कबुतरांचा एवढा कलकलाट चालतो, रोज काका त्यांना शिव्या घालायचे, आज मानही वळत नव्हती. तेवढ्यात नाश्त्याची ट्रॉली आली आणि ढकलणाऱ्याचं लक्ष नसल्यामुळे तिचा कोपरा खाटेला जरासा लागला. जरासाच. काकांनी दोन्ही हातांनी खाटेचा दांडा पकडला, डोळे घट्ट मिटले. तोंडातून हूं की चूं नाही.

दोनचं दुखणं खाटेला धक्का लागला म्हणून दांडा धरत नाही.

तिनं पडदा ओढला. "काका, हात लावते हं," म्हणत पोटावर तळवा ठेवला. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशीचं पोट मळलेल्या कणकेसारखं मऊ लागायला हवं. हे पाटासारखं लागलं. नाडी पळत होती. अंग थोडंसंच कोमट. पण वेळच्या वेळी तापाची गोळी पोटात जात असली की ताप तरी कुठून तोंड दाखवणार? लघवी रात्रीत कमीच झालेली. 'वारा सरला का?' असं सकाळी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा काकांनी मान हलवली होती, आणि ते 'हो' म्हणून धरलं गेलं होतं. उभा जन्म साहेबांपुढे मान हलवण्यात गेला, तो माणूस आणखी काय करणार!

"काका, खरं सांगा. किती दुखतंय? दहापैकी?"

काकांनी डोळे उघडले. क्षणभर ओशाळल्यासारखे दिसले. "दोन," ते म्हणाले. "दोनच गो."

जोडलेलं आतडं सुटलं असेल, हा विचार तिच्या डोक्यात आला तो तिथंच ठाण मांडून बसला. तसं असेल तर आतली घाण पोटात पसरत असणार आणि हा माणूस घरी जाऊन दोन दिवसांत हातचा जाणार. पण माणूस स्वतःच्या तोंडानं दोन म्हणतोय. अशा वेळी आपल्या हाताचं ऐकावं की पेशंटच्या तोंडाचं? श्रुतिकानं हाताचं ऐकायचं ठरवलं.

थोड्या वेळानं काकांचा मुलगा सुशांत आला. धुतलेला शर्ट, पायजमा, चपला असलं सगळं पिशवीत घेऊन. खाली रिक्षा थांबवून आला होता, त्यामुळे जाम घाईत. "सिस्टर, पेपर रेडी आहेत खाली. तेवढी हातातली सुई काढा ना, बाबांना शर्ट घालायचाय."

"सुई राहू दे," श्रुतिका म्हणाली. "शर्टही राहू दे. आज नाही सोडत."

"म्हणजे? डॉक्टर तर म्हणाले..."

"डॉक्टर म्हणाले. मी म्हणत नाही."

सुशांत गोंधळून आईकडे बघायला लागला. मालनकाकू खाटेच्या बाजूला स्टुलावर बसून डबा, ग्लास, चमचा एकेक करून पिशवीत भरत होत्या. त्यांनी वर पाहिलंच नाही. काका मात्र पुटपुटले, "साहेबांनी सोडल्यानी ना? मगे जावया. घराक जावया."

वॉर्डात असली बातमी पसरायला वेळ लागत नाही. मृणालिनी मॅडम स्वतः आल्या. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं की नवीन मुलींच्या हातातून ट्रे पडायचे. "श्रुतिका, काय चाललंय? खाली कॅज्युअल्टीत पित्ताशयाचा पेशंट सकाळपासून ट्रॉलीवर कण्हत बसलाय. त्याला हाच बेड द्यायचाय. सुई काढ."

"नाही काढणार, मॅडम."

"काय म्हणालीस?"

"नाही काढणार म्हणाले. पोट बघा तुम्ही यांचं. हात लावून बघा."

"हात लावायला सर्जन आहेत. त्यांनी लिहून दिलंय. स्कोअर दोन आहे. आणि तू नातेवाइकांसमोर म्हणतेस, मी म्हणत नाही? तू कोण गं?"

"मी यांची सिस्टर," श्रुतिका म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिला त्याची जराही लाज वाटत नव्हती. "तुम्हाला बेड हवाय, त्या पेशंटलाही हवाय, मान्य आहे. माझ्या टेबलापाशी गादी टाकून त्याला झोपवा. पण ही सुई आहे तोवर हा माणूस या हॉस्पिटलचा आहे, आणि ती माझ्या हातानं निघणार नाही."

"तुझ्या हातानं नाही तर दुसरीच्या हातानं निघेल. आणि तुला मेमो निघेल."

"निघू दे. दुसरीनं यावं फक्त इथं. मी इथंच उभी आहे."

आणि ती खरोखरच खाटेला पाठ लावून उभी राहिली. दुसऱ्या सिस्टर औषधांच्या कपाटापाशी एकदम भारी कामात असल्यासारख्या दिसायला लागल्या. कुणीच पुढे आली नाही. मॅडमचं नाक लाल झालं. त्या वाईट नव्हत्या. ट्रॉलीवरचा कण्हणारा माणूसही खोटा नव्हता. पण अख्ख्या वॉर्डासमोर नाही ऐकायची त्यांना सवय नव्हती. "केयूर सरांना लाव फोन," त्या म्हणाल्या. "आत्ता, माझ्यासमोर. ते काढ म्हणाले की काढायची."

डॉक्टर केयूर ऑपरेशन थिएटरमध्ये होते. हात गुंतलेले, म्हणून कुणीतरी त्यांच्या कानाशी फोन धरला. श्रुतिकानं सांगितलं: नाडी पळतेय, पोट कडक आहे, श्वास उथळ आहे, लघवी कमी आहे, खाटेला धक्का लागला तर कळवळतात.

"सिस्टर, ऑपरेशन झालेलं पोट आहे, थोडं टाईट लागणारच," केयूर म्हणाले. ते उद्धट नव्हते, फक्त रात्रभर जागे होते. "नाडीचं म्हणाल तर घरी जायची एक्साइटमेंट असते. दुखतंय किती?"

"ते दोन म्हणतात."

"मग?"

"मग काय सर, दोन खोटं आहे."

"म्हणजे पेशंट खोटं बोलतोय? कशासाठी?"

दुखत नसताना दुखतंय म्हणणारी माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती. सुट्टी हवी असते, सहानुभूती हवी असते, कधी नुसती सून धावत यायला हवी असते. पण असं दांडा धरून सोसायचं आणि दोन सांगायचं, यात कुणाचा काय फायदा?

"मी बाहेर आलो की बघतो," केयूर म्हणाले. "पण दोन स्कोअरवर डिस्चार्ज थांबवला तर मी मोठ्या सरांना काय सांगू? प्लीज, सिस्टर." आणि फोन बंद झाला.

मॅडमनी सुईकडे बोट दाखवलं. सुशांत घड्याळ बघत होता. श्रुतिकाला पहिल्यांदाच वाटलं, आपलं चुकत असेल तर? आपल्याला नुसतं भांडायला आवडतं म्हणून आपण भांडत असू तर? हे तिला आयुष्यात पुष्कळ जणांनी सांगितलं होतं, नवऱ्यासकट.

तेवढ्यात मालनकाकू बोलल्या. कुणाशी असं नाही, पिशवीशीच. "काल पाच तरी होते. आज दोनच."

"काय दोन, काकू?"

"मार्क गो."

श्रुतिका वळली. "कसले मार्क?"

"तुम्ही रोज इचारतास मां, धापैकी किती म्हणान?" मालनकाकूंनी पदरानं नाक पुसलं. "पयल्या दिसा चार होते. मगे आठ झाले. आठ सांगल्यानी, तर कोणी एक सिस्टरीन सुई दिल्यान. हे म्हणाले, हंय चांगल्या मार्कांक सुई गावता." त्या हसायला गेल्या आणि ते हसू मधेच मोडलं. "मगे काल पाच. आज दोन."

श्रुतिका खाटेवर वाकली. "काका, तुमचे दहापैकी दहा म्हणजे काय हो?"

"धा म्हणजे..." काकांना श्वास पुरत नव्हता. "धा म्हणजे एकदम बरां. पैलो नंबर."

"आणि दोन?"

"नापास झालंय गो," काका म्हणाले. "पण तुम्ही सगळी खूश झालास. म्हटलां, दोनच मार्क पडले नि तरी घराक सोडतत, म्हणजे आता काय उपाय नाय म्हणान सोडतत. तर घराक जाव्न पडलेला बरां."

सुशांतच्या हातातला शर्ट खाली पडला. मालनकाकूंना ठाऊक होतं. त्या सकाळपासून नवऱ्याला मरायला घरी न्यायची तयारी करत होत्या, चमचा ग्लासात घालून, ग्लास डब्यात घालून, नीट. दोघांनी आपापसात ते ठरवूनही टाकलं होतं. डॉक्टरला विचारायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. डॉक्टरनं 'गुड' म्हटलं होतं. डॉक्टरला काय गुड वाटलं असेल ते त्याचं तो जाणे.

श्रुतिकाला एवढा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. पहिला संताप स्वतःचा. शाळेत अर्धा जन्म काढलेल्या माणसाला आपण सगळ्यांनी रोज विचारलं, दहापैकी किती, आणि कशाचे ते सांगायला एकीलाही सुचलं नाही! ज्या माणसानं परीक्षेच्या घंटा दिल्या, पेपरांचे गठ्ठे वर्गावर्गात नेले, पोरांना निकाल बघून रडताना-हसताना पाहिलं, त्याला दहापैकी म्हटल्यावर दुसरं काय आठवणार? आणि हा म्हातारा गुपचूप नापास होत गेला, आणि आपण त्याला शाबासकी देत गेलो.

तिनं मॅडमना विचारलंही नाही. भिंतीवरचा फोन उचलून पुन्हा थिएटर लावलं. "सर, दोन म्हणजे नापास."

"काय?"

"ते मार्क सांगतायत. दहा म्हणजे एकदम बरं. दोन म्हणजे मरायला टेकलोय. चार्ट उलटा वाचा, सर. आठ झाले तेव्हा ते बरे होते. त्यानंतर उतरतायत."

केयूर म्हणाले, "आलो. टाके घालायला दुसऱ्याला उभं करतो. तोंडानं काही देऊ नका. दुसरी सुई लावून ठेवा, जाड."

श्रुतिकानं वळून मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, आणि बाह्या वर केल्या. "कुठल्या हाताला लावतेस? मी धरते," त्या म्हणाल्या.

केयूर टोपीसकट धावत आले. पोटावर हात ठेवला, हळूच दाबला आणि पटकन उचलला; काकांचं अख्खं शरीर आकसलं. "सॉरी काका," केयूर म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मग मात्र त्यांनी एकही मिनिट वाया घालवलं नाही, आणि हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. मोठ्या सरांना फोन, स्कॅन, रक्त, सुशांतला जवळ बसवून सगळं मराठीत समजावणं, हे त्यांनी एकापाठोपाठ एक केलं. त्याच दुपारी काकांचं पोट पुन्हा उघडलं. जोड सुटलेला होताच. पोट धुतलं, आतड्याचं तोंड तात्पुरतं बाहेर काढून पिशवी लावली, आणि काका आयसीयूत गेले. तिथं काही दिवस त्यांचं काही खरं नव्हतं. श्रुतिका पाळी सुटल्यावर रोज काचेतून बघून यायची. मालनकाकू बाहेर बाकावर असायच्या. दोघी तिथंच जेवायच्या. एक डबा उघडायची, दुसरी खायची.

मेमो मात्र निघाला. मॅडमनी दुसरी सुई लावायला हात दिला हे खरं, पण अख्ख्या वॉर्डासमोर 'नाही' म्हटल्याची गोष्ट ऑफिसात पोचली होती आणि ऑफिसला पोटाचं काही कळत नसतं. मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "हे बघ, जास्त ताणू नकोस. रागाच्या भरात बोलले, माफ करा, एवढं लिही. मी पुढचं निस्तरते."

"मॅडम, दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत," श्रुतिका म्हणाली. "प्रश्न मीही तोच विचारला, तसाच विचारला. त्याची माफी मी मागणार आहे. घाडीकाकांची. ते शुद्धीवर आले की त्यांच्या तोंडावर मागेन. पण सुई काढली नाही याची माफी मागायची असेल, तर ती कुणाचीच मागणार नाही. उद्या तसंच पोट हाताला लागलं, तर उद्याही काढणार नाही."

"आणि उद्या तुझा हात चुकला तर?"

"तर पेशंट एक दिवस जास्त राहील, आणि तुम्ही मला दुसरा मेमो द्याल. चालेल मला."

मॅडमनी तो मेमो फाईलला लावला. फाडला वगैरे नाही. त्या तशा बाई नव्हत्या. "जा. राऊंडची वेळ झालीय," एवढंच म्हणाल्या.

चुकीचा डाग पुसायला हॉस्पिटलनं मग एक शहाणपणाचं काम केलं. आकडे समजत नाहीत ना, मग चित्रं छापा! प्लास्टिकचं आवरण घातलेली रंगीत कार्डं प्रत्येक वॉर्डात आली. त्यावर गोल गोल चेहऱ्यांची रांग. पहिला दात काढून हसणारा, मग हळूहळू तोंड वाकडं होत जाणारे, आणि शेवटचा घळाघळा रडणारा. पेशंटनं आपला चेहरा ओळखून त्यावर बोट ठेवायचं. ऑफिसातली सगळी मंडळी त्या कार्डावर बेहद्द खूश होती.

काका आयसीयूतून वॉर्डात परत आले तेव्हा अर्धे उरले होते. गालफडं आत गेलेली, पोटाला पिशवी, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. श्रुतिकानं पहिलं काम केलं ते माफी मागायचं. "अगो, तुझ्यामुळे तर..." काका म्हणायला लागले, तर ती म्हणाली, "ते राहू दे. प्रश्न चुकीचा विचारला आम्ही. तेवढं ऐकून घ्या." त्यांनी ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केयूर राऊंडला आले. हल्ली ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे नाहीत, स्टूल ओढून बसायचे. त्यांनी आधी पोटाला हात लावून पाहिलं, पिशवी पाहिली, आणि मग खिशातून ते रंगीत कार्ड काढून काकांपुढे धरलं. "काका, आता मार्कांची भानगड नाही. हे चेहरे बघा. हा म्हणजे अजिबात दुखत नाही, हा म्हणजे खूप. तुम्हाला आत्ता कसं वाटतंय? त्याच्यावर बोट ठेवा."

काकांनी चष्मा मागितला. मालनकाकूंनी तो त्यांच्या कानांवर नीट बसवला. काकांनी कार्ड जवळ घेतलं, लांब धरलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे चेहरे नीट निरखले, आणि कार्ड चादरीवर उपडं ठेवून दिलं.

"ह्यांतलो मी खंयचोच नाय," ते म्हणाले.

"काका, अंदाजे. जवळचा कुठला ते सांगा," केयूर म्हणाले.

"नाय सांगणार."

शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. काका म्हणजे गिरणीत मुकादमाला, शाळेत हेडमास्तरांना, आणि इथं येऊन प्रत्येक पांढऱ्या कोटाला 'होय साहेब' म्हणालेला हा माणूस. त्याच्या तोंडून 'नाय' निघताना तो स्वतःच दचकल्यासारखा दिसला. पण त्यानं ते परत घेतलं नाही.

"माका दुखता," काका म्हणाले. हात पोटाच्या डाव्या अंगाला नेऊन ठेवला. "हंय. वळल्यार जास्त दुखता. रात्री झोप नाय. आकडो नको, थोबाडां नको. दुखता म्हणान मी सांगतंय, तां लिवा."

मालनकाकूंनी तोंडावर हात ठेवला. "इतकी वर्सां संसार केलंय," त्या श्रुतिकाला म्हणाल्या, "गिरणीत बोट गेला तेव्हाय ह्यांच्या तोंडातसून ह्यो शब्द आयकूक नाय."

केयूरनी पेन उघडलं आणि ते थांबले. रकान्यात आकडा घालायची सोय होती, नाहीतर चेहऱ्यावर खूण करायची. शब्दाला जागा नव्हती.

"लिहा ना, सर," श्रुतिका म्हणाली. "आडवं लिहा. रकान्याबाहेर गेलं तर जाऊ दे."

त्यांनी लिहिलं. तिनं ते लिहून होईपर्यंत बघितलं आणि इंजेक्शन भरायला कपाटाकडे निघाली. तिच्या मागून काकांचा आवाज आला, मघापेक्षा मोठा, पार दरवाज्यापर्यंतच्या खाटांना ऐकू जाईल असा: "दुखता गो माका! बेगीन ये!"